दुसऱ्या साक्षीदाराची कोरी जागा

प्रभूचे नाव घेऊन, चष्मा लावून, सकाळचा चहा झाल्यावर आणि पूर्ण शुद्धीवर असताना मी, सुगंधाबाई, कै. निंबा सपकाळे यांची मुलगी व कै. याकोब अहिरे यांची विधवा, वय अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी मिशनच्या दवाखान्यात नर्स व सुईण, सध्या एक शेळी सांभाळणे, राहणार भडगाव, जिल्हा जळगाव, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. हे लिहू नको म्हणून भरीस घालणारे मात्र पुष्कळ भेटले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही आणि पुन्हा करण्याइतका वेळ देव देईल असे डॉक्टरांना वाटत नाही. माझे हृदय आता थकले आहे असे ते म्हणतात. डोके थकलेले नाही, याची खात्री पुढचे वाचणाऱ्याला होईलच.

उत्तमचंद वकिलांनी मला मसुदा करून दिला होता. तो एका पानाचा होता. मी तो वाचला आणि म्हटले, वकीलसाहेब, यात मी कुठे आहे? ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात प्रार्थना आणि गाऱ्हाणी लिहीत नाहीत. कोर्ट कंटाळतं." मी म्हटले, कोर्टाला पगार मिळतो. त्यांनी हात जोडले आणि कायद्याचे शब्द तेवढे तपासून देईन असे कबूल केले. पोळ्यापासून मी एकेक कलम लिहीत आले आहे.

हा कागद करण्याचे कारण एकच, आणि ते म्हणजे माझी मुलगी प्रेमला. मी तिला जन्म दिलेला नाही. आपल्या देशात हिंदू माणसाला कायद्याने दत्तक घेता येते. ख्रिस्ती माणसाला येत नाही. मी तिला एकोणतीस वर्षे मुलगी म्हणत आले, पण सरकारच्या लेखी ती माझ्याकडे उतरलेली पाहुणी आहे. मी न लिहिता मेले तर माझे सगळे माझा धाकटा भाऊ तोताराम याच्याकडे जाईल आणि प्रेमलाला या घरात पाय ठेवायला त्याची परवानगी लागेल. गंमत अशी की शास्त्र सांगते, देवाने आपल्याला दत्तक घेतले आहे. आपण दर रविवारी उभे राहून त्याला बाप म्हणतो. त्याला कोणत्या कोर्टाने परवानगी दिली हे आजपर्यंत एकाही वडिलाने विचारलेले नाही. (वाचणारा आमच्यातला नसेल तर सांगते की मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभार पाहणाऱ्या पंचांना आम्ही वडील म्हणतो. माझा भाऊ तोताराम त्यांपैकी मुख्य आहे.)

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पहिला मिळाला आहे, त्याची हकीकत खाली येईल. दुसरा माझ्याच मंडळीतला असावा असा माझा हट्ट आहे. तोतारामने घरोघर सांगून ठेवले आहे की अक्काच्या कागदावर कोणी सही करायची नाही. माणसे चांगली आहेत, पण त्याला भितात. कोणाचा चष्मा फुटला, कोणाचा अंगठा दुखतो. वकील म्हणाले, "मीच करतो दुसरी सही. कागद कायद्याने पक्का होईल." मी नको म्हटले. एक सही परक्या घरची आहे, दुसरी माझ्या घरची पाहिजे. प्रेमला माझी आहे हे माझ्या माणसांपैकी एकाने तरी शाईने कबूल केल्याशिवाय मी हा कागद पुरा मानणार नाही. वकील चिडून म्हणाले, तोवर तुमचे काही बरेवाईट झाले तर ही रद्दी होईल. खरे आहे. पण मी रोज सकाळी देवाकडे एकच दिवस मागत आले आहे आणि त्याने आजवर दिला आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी सोडा, असे मी त्यांना सांगितले. ती कोण भरतो ते बघू.

कलम पहिले. माझे राहते धाब्याचे घर, दोन खोल्या, ओटा, परसातले लिंबाचे झाड आणि नळ यांसकट, मी माझी मुलगी प्रेमला हिला देते. ते मी माझ्या पगारातून घेतले आहे. त्यात वडिलांचे किंवा भावाचे काही नाही. प्रेमला दीपनगरच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवते, तिचे यजमान तिथल्याच वीजकेंद्रात नोकरीला आहेत. त्यांना सरकारी क्वार्टर आहे. हे घर त्यांना लगेच लागणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी देते. माणसाला जायला जागा असली म्हणजे तो इतर ठिकाणी ताठ बसतो. मृग लागण्याआधी दरवर्षी धाब्यावर खारी माती टाकावी आणि चांगली तुडवून घ्यावी. जावईबापू पत्रे टाकू म्हणतील. टाकू नयेत. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजतो आणि प्रार्थनेत लक्ष लागत नाही.

प्रेमला माझ्याकडे कशी आली हे या गावात प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि प्रत्येकाला निराळे ठाऊक आहे. म्हणून एकदाच लिहिते. याकोब गेले तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. विषमज्वराने गेले. मी नर्सिंग शिकले आणि भडगावच्या दवाखान्यात लागले. पुढे बाळंतपणाचा वरचा कोर्स करायला मिशनने मला धुळ्याला पाठवले. तिथल्या दवाखान्यात कापूस वेचणाऱ्या टोळीतली एक बाई आली. डोंगराकडची होती, आमची भाषा तिला नीट येत नव्हती. टोळी पुढे निघून गेली होती. मूल सुखरूप झाले आणि बाई वारली. जाण्याआधी तिने मूल उचलून माझ्या हातात दिले. ते मेट्रनबाईंच्याही हातात देता आले असते, त्या जवळच उभ्या होत्या. मी हे देवाचे बोलणे समजले. ज्याला तो योगायोग वाटतो त्याने तो वाटून घ्यावा, माझी हरकत नाही.

कोर्स संपवून मी मुलीला घेऊन गावी उतरले. तोताराम मोटारस्टँडवर आला होता. त्याने माझी ट्रंक घेतली नाही. "हाई कोनी पोर शे?" एवढेच विचारले. मी म्हटले, "देवनी शे." तो म्हणाला, "देवनी शे तर देवना घर ठेव, आपला घर नको." विधवा बाई, वर्षभर परगावी राहून कडेवर मूल घेऊन आली, तर लोक काय समजणार ते लोक समजले. धुळ्याच्या मेट्रनबाई निघताना म्हणाल्या होत्या की मुलीच्या जन्माचा दाखला लिहून देते, म्हणजे तुला त्रास होणार नाही. मी घेतला नाही. माझ्या सख्ख्या भावाला माझा शब्द पुरत नसेल तर कागद काय पुरणार, असे मला वाटले. आजही वाटते. मी हे पश्चात्तापाने लिहीत नाही, मी त्या दिवशी बरोबर होते.

कलम दुसरे. माझा तांब्याचा मोठा हंडा, तिन्ही घागरी आणि पितळी समई मी जवरीलाल भंवरलाल, किराणा दुकानदार, यांच्या मातुश्री झमकूबाई यांना देते. त्यांच्याकडे भांड्यांना तोटा नाही. त्यांच्याकडे कशालाच तोटा नाही. पण माझ्या घरातले काहीतरी त्यांच्या घरात असावे अशी माझी इच्छा आहे, कारण त्यांच्या घरातले माझ्याकडे पुष्कळ आले.

प्रेमला तान्ही असताना शेळीचे दूध तिला पचेना, गाईचे पचेना. डब्याचे दूध त्या दिवसांत मिळत नव्हते, लढाई नुकतीच संपली होती. मूल वाळत चालले. मी नर्स, मला सगळे उपाय ठाऊक, आणि एकाचाही उपयोग होईना. आमच्या मंडळीत तेव्हा अंगावर पाजणाऱ्या तीन बाया होत्या. तिघींच्याही दारात मी जाऊन आले. एकीने दार उघडले नाही, दुसरीने नवऱ्याकडे बोट दाखवले, तिसरी रडली. मी कोणाला दोष देत नाही (पुढे कलम सहामध्ये थोडा देते). मग एका सकाळी मी सोडा आणायला भंवरलालजींच्या दुकानी गेले. पोर कडेवर होते आणि त्याच्या रडण्यात आवाज राहिला नव्हता. आतल्या दारात झमकूबाई उभ्या होत्या. त्यांचा जवरीलाल तेव्हा तीन महिन्यांचा. डोक्यावरून पदर ओढलेली, तोवर माझ्याशी एक शब्द न बोललेली ती बाई म्हणाली, "टाबर भूखो है, बाई. लाव अठै." लेकरू भुकेले आहे, इकडे आण, असे म्हणाली आणि मुलीला हातातून घेऊन आत गेली. त्यांच्याकडे आमच्या हातचे पाणीही चालत नसे. त्यांच्या सासूबाई ओसरीत बसलेल्या होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि माळ ओढू लागल्या. त्यांनी सुनेला अडवले नाही एवढे मी पाहिले, आणि त्या म्हातारीलाही मी तेव्हापासून प्रार्थनेत घेत आले आहे.

त्यानंतर दात येईपर्यंत रोज सकाळी मी त्यांच्या मागच्या दाराशी उभी राहायचे. उद्या येऊ का, असे मी एकदाही विचारले नाही. विचारले असते तर त्यांना घरात विचारावे लागले असते, आणि घरात विचारले असते तर नाही आले असते. मी घरून निघताना म्हणायचे, प्रभू, आजचे दे. दार उघडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आजचे दे. विश्वास म्हणजे काय, यावर मी पुष्कळ मोठी प्रवचने ऐकली आहेत, काहींमध्ये झोपही काढली आहे. मला तो त्या मागच्या दाराशी कळला. कोठार भरून मागणाऱ्याला देव देत नाही असे मी म्हणत नाही, पण माझा त्याच्याशी व्यवहार नेहमी एका दिवसाचा राहिला आणि त्यात तो कधी चुकला नाही. जवरीलाल आता दुकान चालवतात. प्रेमला त्यांना भाऊ म्हणते, ते तिला बाई, म्हणजे त्यांच्या बोलीत बहीण, म्हणतात, आणि या कागदावर पहिला साक्षीदार म्हणून मी विचारले तेव्हा ते तराजू खाली ठेवून लगेच निघाले. वकील म्हणाले, भांडी आईला दिली आहेत, तेव्हा मुलाच्या सहीला अडचण नाही. ते असे का म्हणाले हे मला नीट समजले नाही आणि मी विचारले नाही.

कलम तिसरे. आमच्या वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. आमच्या कायद्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा असतो, त्यामुळे गिरणाकाठच्या केळीच्या मळ्यात आणि विहिरीत निम्मा हिस्सा माझा आहे. सात-बाऱ्यावर माझे नाव आहे. मळा पहिल्यापासून तोताराम कसतो. मी त्यातले केळे कधी मागितले नाही. त्याने कधी पाठवलेही नाही. हा माझा संपूर्ण हिस्सा, विहिरीच्या पाण्यासह, मी माझा भाऊ तोताराम निंबा सपकाळे याला देते.

वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल, वकिलांनाही वाटले. तोताराम वर्षभर गावात सांगत फिरतो आहे की अक्का मळ्याचे दोन तुकडे करून परक्याच्या घशात घालणार. त्याने मला एकदा येऊन विचारले असते तर मी सांगितले असते. न विचारणाऱ्याला आपणहून सांगायची मला सवय नाही. मळा त्याने घाम गाळून उभा केला आहे, तो तुटू नये. त्याला केळी कळते म्हणून एक गोष्ट केळीचीच सांगते. कंद तो दरवेळी दुसऱ्याच्या मळ्यातून खणून आणतो. आपल्या जमिनीत लावतो, आपल्या विहिरीचे पाणी देतो. पुढे घड आला म्हणजे तो कोणाचा, असे बाजारात कोणी विचारत नाही. त्यालाही कधी शंका आलेली नाही.

कलम चौथे. माझी बाळंतपणाची पेटी, दोन कात्र्या, चिमटे, बेसिन आणि रबरी चादर मी मंदाबाई सुईण हिला देते. ही मंदाबाई पूर्वी माझ्याविषयी म्हणायची की हिने हात लावलेल्या मुलांना सर्दी फार होते. मग तिच्या स्वतःच्या सुनेचे मूल आडवे आले आणि तिने मला बोलावले. त्या दिवशी गिरणेला पूर होता आणि गाव पलीकडे होते. गाडीवानाने विचारले, "बाई, भीती नाही का वाटत?" मी म्हटले, वाटते, तू बैल हाक. पाणी गाडीच्या साटीच्या फळ्यांना लागले तेव्हा मी पेटी डोक्यावर घेतली आणि मोठ्याने गाणे म्हटले, आणि गाडीवान माझ्याबरोबर आपल्या देवीचे गाणे म्हणू लागला. आम्ही दोघे पार झालो. नातू झाला. मंदाबाईने तेव्हापासून सर्दीचा विषय काढलेला नाही. कात्री उकळून घ्यावी. प्रार्थना करून न उकळलेली कात्री वापरू नये, देवाला असली गंमत आवडत नाही.

कलम पाचवे. माझी शेळी पाळकसाहेबांना देते. तिने त्यांचा गुलाब तीनदा खाल्ला आणि त्यांनी तिच्याविषयी वडिलांच्या सभेत तक्रार केली. माणूस दयाळू आहे, पण शेळीबद्दल नाही. शेवटपर्यंत सोबत राहिल्यावर प्रेम उत्पन्न होते असे ते लग्नात नेहमी सांगतात. करून पाहावे.

कलम सहावे. प्रार्थनामंदिरात डाव्या हाताचा तिसरा बाक. बाक मंडळीचा आहे, मला तो देता येत नाही. पण खिडकीजवळची जागा माझी आहे, हे तिथे माझ्या शेजारी कित्येक वर्षे कोणी न बसून सगळ्यांनी मान्य केले आहे. मी आणि प्रेमला त्या बाकावर ऐसपैस बसलो. उन्हाळ्यात वारा तिथेच येतो. बायांनी आम्हाला एकटे पाडायला मंदिरातली सगळ्यात गार जागा दिली, हे त्यांच्या लक्षात आले नाही, देवाच्या मात्र आले असावे. प्रेमलाचे लग्न झाले तेव्हा नवरीला हात धरून वेदीपर्यंत नेणारा पुरुष घरात नव्हता. मी नेले. पांढरे लुगडे नेसून, पायात नवी चप्पल घालून, मधल्या वाटेने, पेटीच्या तालावर. तोताराम त्या दिवशी केळीला पाणी देत होता. बाकी मंडळी आली होती, जेवायला तर सगळीच आली होती. मी चालताना डावीकडे पाहिले नाही आणि उजवीकडे पाहिले नाही, कारण मला इतका आनंद झाला होता की कोणाकडे पाहिले असते तर हसू फुटले असते. ही जागा यापुढे रिकामी ठेवू नये. ज्या बाईच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही तिला तिथे बसवावे, आणि पाळकीणबाईंनी तिच्याजवळ बसावे. हा हुकूम नाही, कारण मला तो अधिकार नाही. मेलेल्या बाईची विनंती आहे, तिला नाही म्हणून दाखवावे.

कलम सातवे, माझ्या मातीविषयी. रडगाणी नकोत. ढोलकी, टाळ, पेटी आणि जोरात स्तुतिगीते हवीत, ज्यांना सूर नाही त्यांनीही गावे. मी जिंकून चालले आहे. शर्यत संपवलेल्या माणसाच्या मागे रडत धावू नये. उपदेश अर्ध्या तासाच्या आत संपवावा आणि त्यात माझे गुण सांगू नयेत, देवाचे सांगावेत, ते जास्त आहेत. नंतर सगळ्यांना, म्हणजे सही करायला अंगठा दुखलेल्यांनाही, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढावी. तूप हात राखून वाढू नये. दगडावर जन्म-मृत्यूच्या तारखा घातल्या नाहीत तरी चालेल. "सुगंधाबाई, प्रेमलाची आई" एवढे कोरावे.

कलम आठवे. वर न लिहिलेले, विसरलेले, किंवा ज्याला दिले त्याला कायद्याने घेता न आलेले जे काही उरेल ते सगळे प्रेमलाचे. हे वाक्य वकिलांचे आहे, चांगले आहे. व्यवस्था पाहण्यासाठी मी उत्तमचंद वकिलांना नेमते.

इथपर्यंत लिहून मी कागद बांधून ठेवला होता. आज सकाळी वकील आणि जवरीलाल दोघेही आले, कारण काल माझ्या छातीत पुन्हा दुखले आणि ही बातमी गावभर गेली. वकील म्हणाले, "बाई, आता हट्ट पुरे." मी म्हटले, दुपारपर्यंत थांबा, आजचा दिवस मागून घेतलेला आहे. आम्ही ओट्यावर बसलो होतो. एवढ्यात तोताराम आला. मोटारस्टँडवरच्या त्या दिवसानंतर तो या ओट्यावर चढलेला नव्हता. केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा तसाच अंगात होता, मळ्यातून सरळ आला असावा. तो बसला नाही. पुढे काय झाले ते वकिलांच्या सल्ल्याने जसेच्या तसे लिहिते.

तो म्हणाला, "अक्का, मना नाववर काय लिखेल शे ते वाचीसन सांग."

मी म्हटले, तुझ्या नावावरचे एकटे वाचणार नाही, ऐकायचे तर सगळे ऐक. मी पहिल्यापासून वाचले. मोटारस्टँडचे आले तेव्हा त्याने खाली पाहिले. मागच्या दाराचे आले तेव्हा तो खांबाला टेकून खाली बसला. मी थांबले. त्याने जवरीलालला विचारले, "हाई खरं शे का रे?"

जवरीलाल म्हणाले, "हो आबा. आई अजून सांगते. एका मांडीवर मी, एका मांडीवर प्रेमलाबाई."

तोतारामने सदऱ्यावरचा चिकाचा डाग नखाने खरवडला. मग म्हणाला, "वाणीनी बाईनं पोरले दूध पाजं. आनि मी मंडळीना वडील. पोर जिवत शे का मरी गयी, हाई बी मी विचारं नही."

मी पुढे वाचले. मळ्याचे कलम आले तेव्हा त्याने एकदा पुन्हा वाचायला सांगितले. विहीर धरून का, असे विचारले. मी म्हटले, विहीर धरून. सगळे संपल्यावर तो उठला, सदऱ्याला हात पुसले आणि वकिलांना म्हणाला, "ती कोरी जागा कोठे शे? पेन द्या."

वकिलांनी पेन दिले नाही. त्यांनी त्याला नीट समजावून सांगितले, आणि मलाही तेव्हाच समजले. आमच्या कायद्यात जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. ते म्हणाले, "आबा, तुम्ही इथे सही केली की कलम तीन तुमच्यापुरतं गेलं. निम्मा मळा, निम्मी विहीर, सगळं कलम आठमध्ये, म्हणजे प्रेमलाबाईंकडे. दुसरा कोणीही चालेल. तुम्ही शब्द टाका, आत्ता दहा माणसं सहीला येतील."

तोताराम म्हणाला, "दहा माणसे मना शब्दवर येतीन, आनि मना शब्दवरच जातीन. भांडनारा मी एकला व्हतू. मी सही करसू तर बठ्ठासनं तोंड बंद व्हई." बठ्ठासनं, म्हणजे सगळ्यांचे.

मी म्हटले, तोता, मळा तुझा आहे, मी तो वेगळ्या कागदाने तुला देते, आज सही करू नको. वकीलही हो म्हणाले, तसे करता येईल. त्याने ऐकले नाही. तो म्हणाला, "अक्का, ते राहू दे. जाई जाई ती जमीन कोठे जाई? घरनी पोरकडेच जाई ना."

घरची पोर. माझ्या भावाच्या तोंडून हे दोन शब्द ऐकण्यासाठी मी काय दिले नसते, आणि मला काहीच द्यावे लागले नाही, देऊन तोच बसला. मी रडले. आनंदाने रडले आणि मोठ्याने रडले, शेजारच्या बाया बाहेर आल्या. त्यांनाही मी बोलावून घेतले, साक्ष म्हणून नव्हे, पाहायला. कलम तिसरे मी खोडलेले नाही. कायद्याला ते चालणार नसले तरी मी दिले होते हे तिथे राहू द्यावे. आणि प्रेमला, हे तू वाचशील तेव्हा मळ्यात वाटा मागायला जाऊ नकोस, हात लावायला जा. तोताराम कसेल तोवर त्याने कसावा, ही माझी इच्छा आहे.

(एवढे सह्या झाल्यावर मधल्या मोकळ्या जागेत लिहिले, त्यात देण्याघेण्याचे काही नाही म्हणून वकिलांनी चालवून घेतले.) वकिलांनी दोन्ही साक्षीदारांना मी सही करताना समोर बसवले. मग प्रत्येकाने माझ्यासमोर सही केली. वकील म्हणाले, नावापुढे धंदा आणि ओळख लिहा. जवरीलालने पटकन लिहिले. तोतारामने वेळ घेतला. त्याला लिहायची सवय राहिलेली नाही. आम्ही सगळे थांबलो. लिहून झाल्यावर त्याने कागद माझ्याकडे फिरवला नाही, पेन वकिलांना दिले आणि शेळीला पाणी पाजायला परसात गेला.

ही माझी शेवटची इच्छा मी वाचून, समजून, स्वस्थ मनाने आणि भरल्या आनंदाने कायम केली असे.

ठिकाण: भडगाव, जिल्हा जळगाव
तारीख: २ नोव्हेंबर १९७४

लिहून देणार: सुगंधाबाई याकोब अहिरे (सही)

साक्षीदार:

१. जवरीलाल भंवरलाल (सही), किराणा दुकानदार, भडगाव. प्रेमलाबाईंचा दूधभाऊ.

२. तोताराम निंबा सपकाळे (सही), शेतकरी, भडगाव. प्रेमलाचा मामा.